पेन्सिल फेकणारा मुलगा आणि दहा महिन्यांवर आलेली केजी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा पावणेचार वर्षांचा, दहा महिन्यांनी केजीत जाणार. बालवाडीत न घालता तुम्ही घरीच त्याची तयारी करून घ्यायची ठरवलीत आणि त्यासाठी चाळीस आठवड्यांचा तयार अभ्यासक्रम घेतलात: आठवड्याला एक अक्षर, एक अंक, एक रंग, रोज तीन-चार वर्कशीट. दुसऱ्याच आठवड्यात त्याने पेन्सिल भिरकावली आणि आता वही दिसली की टेबलाखाली जाऊन बसतो. ओळखीतली त्याच वयाची मुलगी मात्र शब्द वाचते. अभ्यासक्रम बरोबर आहे का, रोज किती तास बसवायचं आणि तो मागे पडतोय का, असं तुम्ही विचारलंय.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. पहिली नऊ वर्षं मी केजीला शिकवलं. घरून किंवा बालवाडीतून ‘तयार’ होऊन आलेली मुलं माझ्या वर्गाच्या दारात उभी राहायची. पुढची तेरा वर्षं त्याच्या आधीच्या वर्गात, तीन ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये गेली. आधी मुलं घेणारी होते, मग पाठवणारी झाले. पाठवणारी झाल्यावर मी काय शिकवायचं सोडून दिलं आणि कशाचा हट्ट धरला, त्यातच तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे.

केजीच्या पहिल्या आठवड्यात कोणाला अक्षरं येतात आणि कोणाला नाहीत, हे मला कळतसुद्धा नसे. कळायचं ते भलतंच. वीस-पंचवीस मुलं आणि मी एकटी. मी म्हणायचे, “बूट काढा, रांगेत ठेवा आणि चटईवर येऊन बसा.” या एका वाक्यात तीन कामं आहेत. काही मुलं तिन्ही करून येऊन बसायची. काही बूट हातात घेऊन मधेच उभी राहायची, कारण दुसरं काम डोक्यातून निसटलेलं असायचं. काहींना वाटायचं, बाई दुसऱ्या कोणाला तरी सांगतायत. घरी नाव घेऊन सांगितलेलंच ऐकायची सवय, घोळक्याला सांगितलेलं आपल्यालाही असतं हे ठाऊक नाही. शू लागली तर सांगता येणं, हातातली वस्तू कोणी ओढली तर चावा न घेता “माझं अजून झालं नाही” म्हणता येणं, आई दिसेनाशी झाल्यावर थोडं रडून सावरता येणं. एवढं जमणाऱ्या मुलाला मी अक्षरं काही महिन्यांत शिकवत असे. सगळी अक्षरं येणाऱ्या, पण यातलं काहीच न जमणाऱ्या मुलाबरोबर मात्र माझं अर्धं वर्ष जायचं.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. पहिलं म्हणजे शाळा. काही शाळा केजीत येतानाच मुलाला अक्षरओळख आहे असं गृहीत धरून सुरुवात करतात, काही पहिले दोन महिने निव्वळ खेळात घालवतात. प्रत्यक्ष जाऊन विचारा आणि प्रश्न नेमका ठेवा: “पहिल्या महिन्यात वर्गात काय चालतं?” माहितीपत्रकापेक्षा या उत्तरावरून जास्त कळतं. दुसरं, जन्माचा महिना. एकाच वर्गातल्या सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान मुलात जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं, आणि पाच वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ते आयुष्याचा पाचवा हिस्सा आहे. अनेक देशांतल्या पाहण्यांत असं दिसलंय की एडीएचडीचं, म्हणजे अवधानाच्या दोषाचं निदान वर्गातल्या सर्वात लहान मुलांच्या वाट्याला जास्त येतं. काही वेळा मूल फक्त लहान असतं, बाकी काही नाही. तिसरं, शाळेची भाषा घरच्या भाषेहून वेगळी आहे का. आणि चौथं, तो आजवर इतर मुलांत किती राहिलाय. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे पुढचं वाचताना आपल्या घराला लागू पडेल तेवढंच घ्या.

पेन्सिलीपासून सुरुवात करते, कारण घरात रडारड तिच्यावरूनच चाललीय.

हाताचा ताबा खांद्याकडून बोटांकडे सरकतो. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सगळ्यात शेवटी बोटांची टोकं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेचीच, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक असतात आणि पुढे कित्येक वर्षं एकेक करून पक्की होत जातात. पावणेचार वर्षांच्या मुलाच्या मनगटाचं हे काम अर्धंमुर्धंच झालेलं असतं. खडू मुठीत धरणं, मग सगळी बोटं खाली वळवून धरणं, मग तीन बोटांत धरून अख्खा हात हलवणं आणि शेवटी हात टेकवून फक्त बोटं हलवणं, अशा पायऱ्या असतात. शेवटची पायरी साधारण साडेचार ते सहा या वयात येते. चित्रांचंही तसंच. बहुतेक मुलं तीनच्या आसपास गोल काढतात, चारच्या सुमाराला अधिकचं चिन्ह, साडेचारच्या पुढे चौकोन, पाचच्या आसपास त्रिकोण. आता तुमच्या वर्कशीटवरचं पहिलं अक्षर बघा. ‘अ’मध्ये दोन अर्धगोल, एक आडवी रेघ, एक उभी आणि वर शिरोरेघ. ज्या मुलाला अजून चौकोन काढता येत नाही, त्याच्यापुढे आपण ‘अ’ ठेवला. त्याने पेन्सिल भिरकावली यात मला हट्ट दिसत नाही, उलट त्याला परिस्थितीचा बरोबर अंदाज आलाय असं वाटतं.

वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या शास्त्राने लावलेला आहे, लिहिण्याच्या सोपेपणाने नव्हे. पुढे लिहायला घ्याल तेव्हाही ‘अ’ आणि ‘इ’ मागे ठेवून ग, म, न, प, र, ट अशा कमी वळणाच्या अक्षरांपासून सुरुवात करा. पण ते पुढचं. सध्या पेन्सिल कपाटात ठेवा.

मग हाताचं काय? हाताला काम हवंच, फक्त ते वहीतलं असायला नको. भिंतीवर मोठा कागद चिकटवा आणि उभ्याने रंगवू द्या. उभ्या पृष्ठभागावर काम करताना मनगट आपोआप मागे झुकतं, लिहिताना ते तसंच असावं लागतं. खडूचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून द्या. तुकडा इतका लहान असला की मुठीत धरताच येत नाही, बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो. “नीट धर” असं एकदाही म्हणावं लागत नाही. ओली माती तिंबणं, कागद फाडून चिकटवणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात न सांडता ओतणं, बोथट कात्रीने आधी नुसते काप घेणं आणि मग रेघेवरून कापणं. आणि लोंबकळणं, चढणं, ढकलणं, ओढणं. खांदा कमकुवत असलेलं मूल खुर्चीत दहा मिनिटं ताठ बसू शकत नाही, आणि आपण म्हणतो त्याचं लक्ष नाही. एक सावधगिरी: तो डावखुरा असेल तर डाव्याच हाताने करू द्या आणि कात्री डावखुऱ्यांची आणा. साध्या कात्रीने डावखुऱ्या मुलाकडून कागद कापला जात नाही, नुसता दुमडतो आणि ते मूल स्वतःला अडाणी समजायला लागतं.

आकड्यांवर थोडं जास्त लिहिते, कारण माझी सर्वात मोठी फसगत तिथेच झाली होती.

केजीत एक मुलगा आला होता, शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणणारा. घरचे खूश, मीही खूश. एक दिवस त्याला म्हटलं, “जा, पाच खडू घेऊन ये.” तो मूठभर घेऊन आला. मोजायला सांगितलं तर आठ खडूंवरून बोट फिरवत बारापर्यंत पोचला. तोंड एका वेगाने, बोट दुसऱ्या. त्याला अंक पाठ होते, संख्या माहीत नव्हती. तोपर्यंत मीही वर्गात शंभरची माळ म्हणून घेण्यातच समाधान मानत होते.

रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली. त्यातली तीन तुमच्या कामाची. एका वस्तूला एकच अंक, ना कमी ना जास्त. अंकांचा क्रम दर वेळी तोच. आणि शेवटी उच्चारलेला अंक म्हणजेच ‘किती’चं उत्तर. हे तिसरं लोकांना फार उघड वाटतं, पण मुलाला ते उघड नसतं. पाच बटणं मोजून झाल्यावर विचारा, “मग किती आहेत?” तो पुन्हा एकपासून मोजायला लागला तर त्याच्या लेखी मोजणं हे अजून एक गाणं आहे. आणि “चार दे” हे “मोज” यापेक्षा अवघड आहे, कारण त्यात कुठे थांबायचं ते स्वतःला ठरवावं लागतं. मुलाला आधी ‘एक’चा अर्थ कळतो, मग ‘दोन’चा, मग ‘तीन’चा, आणि मध्ये काही काही महिने जातात. त्या काळात तोंडाने विसापर्यंत म्हणता येत असतं, म्हणून आपली दिशाभूल होते.

आपल्या भाषेतले अंकही सोपे नाहीत. लिहिताना ‘२५’ म्हणजे आधी दोन, मग पाच; बोलताना ‘पंचवीस’ म्हणजे आधी पाच, मग वीस. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. चार वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंत पळवण्यात त्यामुळे मला काही अर्थ दिसत नाही. दहा पुरे. पण ते दहा पक्के हवेत: चार माणसांना चार चमचे मांडणं, जिन्याची एकेक पायरी एकेका अंकाने चढणं, फासा टाकून तितकीच घरं सोंगटी पुढे नेणं. फाशावरचे तीन ठिपके न मोजता ‘तीन’ म्हणून ओळखू लागला की त्याच्या डोक्यात संख्येचं चित्र तयार होतंय असं समजा.

एक गंमत करून बघा. सहा बटणांच्या दोन सारख्या ओळी लावा, मग एकीतली बटणं दूर दूर पसरवा आणि विचारा, जास्त कुठे आहेत. तो लांब ओळीकडे बोट दाखवेल. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिल्याला आता बराच काळ लोटला, पण पहिल्यांदा स्वतःच्या मुलावर करून बघताना अजूनही आईबाप हबकतात. दुरुस्त करू नका. साधारण सहा-सातच्या सुमाराला हे आपोआप सुटतं, समजावून सांगून सुटत नाही. ज्या मुलाला पसरल्याने वस्तू वाढतात असं वाटतं, त्याच्यासमोर बेरजेचं वर्कशीट ठेवायचं का, ते तुम्हीच ठरवा.

वाचनासाठी अक्षरांच्या आधी कान लागतो. शब्द हा तुकड्यांनी बनलेला असतो आणि ते तुकडे वेगळे करता येतात, हे कानाला कळल्याशिवाय अक्षर म्हणजे नुसती नक्षी. टाळ्यांचा खेळ खेळा: ‘कासव’ला किती टाळ्या, ‘खिडकी’ला किती? इथे मोठी माणसं एक चूक करतात. ‘बदक’ लिहिताना तीन अक्षरं, म्हणून तीन टाळ्या वाजवायला लावतात. आपण बोलतो ‘ब-दक्’, दोन ठोके. मूल दोन टाळ्या वाजवत असेल तर त्याचा कान तुमच्यापेक्षा चांगला आहे. नंतर यमकं जुळवा, अर्थ नसलेली जुळवली तरी चालतील. मग ‘म’ने सुरू होणाऱ्या वस्तू घरात शोधा. शेवटच्या अक्षरावरून नवा शब्द सांगायचा खेळ साडेचारच्या पुढे जमतो, आत्ता नाही जमला तर सोडा.

पुस्तक रोज वाचा आणि तेच तेच पुन्हा वाचा. मात्र वाचून दाखवणं आणि सोबत वाचणं वेगळं. पानावर थांबा, “आता काय होईल?”, “तो का रडतोय?”, “आपल्याकडे असं कधी झालं होतं?” असं विचारा, आणि त्याने एका शब्दात उत्तर दिलं तर त्यात दोन शब्द घालून परत द्या. “कुत्रा पळाला.” “हो, घाबरून पळाला.” एवढंच. परीक्षा घेतल्यासारखं प्रत्येक चित्रावर “हे काय, ते काय” करू नका, पुस्तकाचा वीट येतो. शाळेची भाषा वेगळी असली तरी घरी तुमच्याच भाषेत भरपूर बोला. मोडक्या दुसऱ्या भाषेपेक्षा भरघोस घरची भाषा मुलाला जास्त पुढे नेते. शाळेच्या भाषेतली दहा-बारा गरजेची वाक्यं मात्र जाण्याआधी पक्की करा. “मला शू लागली”, “मला दुखतंय”, “मला समजलं नाही”, “पाणी हवंय”.

आता ज्याचा मी हट्ट धरते ते: स्वतःचं स्वतः करणं. मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं ‘बालगृह’ उघडलं. मुलांना हाताळायला दिलेल्या त्यांच्या वस्तूंमध्ये बटणं, नाड्या, हुक लावायच्या लाकडी चौकटी होत्या. त्यांनी सांगितलेला एक प्रसंग मला फार आवडतो. एकदा त्यांनी मुलांना नाक नीट कसं शिंकरायचं, रुमाल कसा धरायचा, हे दाखवलं, आणि धडा संपल्यावर मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांचं म्हणणं असं की या बाबतीत मुलांना नेहमी बोलणी बसतात, पण कसं करायचं ते कोणी शांतपणे शिकवतच नाही. मी वर्गात तोच धडा घेऊन पाहिला. टाळ्या नाही पडल्या, पण पुढचा अर्धा तास सगळा वर्ग नाकं शिंकरत होता.

तुमच्या मुलासाठी यातून यादी सहज निघेल. चड्डी खाली-वर करणं, शू-शी झाल्यावर धुणं, हात पुसणं, चप्पल-बूट घालणं, डब्याचं झाकण उघडणं, बाटलीचं बूच लावणं, स्वतःचं दप्तर ओळखून उचलणं. डबा आणि बाटली शाळेत नेणार तीच वापरून सराव करून घ्या. पहिल्या दिवशी नवा कोरा घट्ट डबा घेऊन आलेली किती मुलं मी उपाशी बसलेली पाहिली आहेत, कारण झाकण निघत नाही हे सांगायची लाज वाटते. नाडीची गाठ मात्र राहू द्या, ती पाच-सहा वर्षांचं काम आहे.

आणि मन आवरणं. याला खेळच लागतो. संगीत थांबलं की पुतळा व्हायचं. मी “डोकं” म्हटलं की पायाला हात लावायचा आणि “पाय” म्हटलं की डोक्याला. हा खेळ वाटतो त्याहून अवघड आहे, तुम्हीही चुकाल. ऐकलेलं लक्षात ठेवणं, पहिली ऊर्मी दाबणं आणि नियम बदलला की आपण बदलणं, अशी तीन कामं त्यात एकदम होतात. बूट, रांग आणि चटईच्या वेळी हीच लागतात. शिवाय नाटक-नाटक खेळणं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हायगॉट्स्की यांचं प्रतिपादन होतं की भूमिका घेतलेलं मूल स्वतःच्या वयाच्या पुढचं वागतं. एरवी दोन मिनिटं न बसणारा मुलगा ‘डॉक्टरकडे वाट बघणारा पेशंट’ झाला की पाच मिनिटं बसतो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की वर्गात कोणाला थांबवायचं असेल तर मी आधी त्याला काहीतरी बनवते.

म्हणजे अभ्यासक्रम नकोच का? हवा. पण त्याचा अर्थ तुमच्या चाळीस आठवड्यांच्या तक्त्याहून वेगळा आहे. फ्रीड्रिख फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञांनी १८३७ साली जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. त्यांच्याकडे काटेकोर क्रम होता, पण तो वस्तूंचा: आधी लोकरीचे मऊ रंगीत चेंडू, मग लाकडी गोल, नळकांडं आणि घन, मग तुकड्यांत सुटणारे घन. पुढची वस्तू आधीच्या वस्तूतून निघायची. अक्षरांची पानं त्यात नव्हती.

संशोधनाचंही थोडं सांगते, कारण “लवकर शिकवलं तर पुढे फायदा” हे वाक्य फार सैलपणे वापरलं जातं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या यप्सिलँटी इथे १९६२ ते १९६७ या काळात पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग झाला. गरीब घरांतली १२३ मुलं, त्यातल्या ५८ जणांना बालवाडी मिळाली, शिवाय शिक्षिका दर आठवड्याला घरी जायच्या. बुद्ध्यंकातली आघाडी काही वर्षांत विरून गेली. पण चाळिशीत पाहिलं तर त्या गटाची कमाई जास्त होती आणि अटकेचं प्रमाण कमी. उलट टेनेसी राज्यात सुमारे ३,००० मुलांच्या अभ्यासात (सहावीपर्यंतचे निष्कर्ष २०२२ साली आले) सरकारी बालवाडीत जागा मिळालेली मुलं केजीच्या सुरुवातीला पुढे होती, आणि सहावीपर्यंत जागा न मिळालेल्यांच्या मागे पडली होती. का, यावर वाद आहे. पण केजीच्या दारात दिसणारी अक्षर-अंकांची आघाडी पुढे टिकतेच असं नाही, एवढं दोन्हींतून दिसतं. ओळखीतल्या त्या वाचणाऱ्या मुलीबद्दल मला म्हणूनच फार बोलावंसं वाटत नाही. काही मुलं लवकर वाचतात, त्यांना वाचू द्यावं, त्यात काही वावगं नाही. तुमच्या मुलाशी त्याचा संबंध नाही.

“किती तास बसवू?” याचं उत्तर: बसवून करायचं काम दिवसाला पंधरा-वीस मिनिटं, तेही दोन तुकड्यांत. बाकी दिवस रिकामा सोडायचा नाही, त्याला चाल द्यायची. रोज त्याच क्रमाने तीच कामं, घड्याळ मागे-पुढे झालं तरी क्रम तोच. उठणं-आवरणं, बाहेर हुंदडणं, मग पाऊण-एक तास त्याने निवडलेला खेळ, मग घरातलं एक खरं काम, मग गोष्ट. पेरीच्या वर्गातली एक पद्धत मी उचललीय आणि घरीही ती सहज जमते: खेळायच्या आधी विचारा, “आज काय करणार?”, मग करू द्या, आणि शेवटी, “काय केलंस? कुठे अडलं?” त्याने गाडी करायचं ठरवून पूल केला तरी चालेल, फक्त ते त्याच्या तोंडून यायला हवं. हालचाल आणि झोपेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेले आकडे वापरा: तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल, त्यातली ६० चांगली दमवणारी, झोप १० ते १३ तास, स्क्रीन एक तासाच्या आत.

तुमचा तो चाळीस आठवड्यांचा तक्ता फेकू नका, पैसे दिलेत तर विषय घ्या. ‘पाणी’चा आठवडा असेल तर पाणी ओता, गाळा, काय तरंगतं ते बघा, पावसाची गोष्ट वाचा. वर्कशीट वेगळ्या काढून ठेवा. सात-आठ महिन्यांनी त्यातली एखादी त्याने स्वतःहून मागितली तर द्या.

शेवटचे दोन महिने निरोपासाठी राखा. त्याला ओळखीच्या माणसाकडे आधी अर्धा तास, मग दोन तास, मग अर्धा दिवस सोडून या. नजर चुकवून कधीच सटकू नका. त्या वेळी रडणं टळतं खरं, पण मग मूल तुम्ही स्वयंपाकघरात गेलात तरी मागे येतं, कारण आई न सांगता नाहीशी होऊ शकते हे त्याला कळलेलं असतं. निरोप छोटा आणि रोज एकाच पद्धतीचा ठेवा. “अकराला येईन” त्याला कळत नाही. “गोष्ट झाली, खेळून झालं की मी दाराशी असेन” हे कळतं. आणि सांगितलंत तसंच या, दहा मिनिटंसुद्धा उशीर नको. शाळा सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे तो घरी येऊन चिडेल, कदाचित अंथरूण ओलं करेल. दिवसभर आवरून धरलेलं घरी सुटतं. बहुतेकदा महिन्या-दीड महिन्यात बसतं.

एक गोष्ट मात्र टाळू नका: कान आणि डोळे तपासून घ्या. माझ्या वर्गात एक मुलगा होता, कधीच न ऐकणारा. हाक मारली तरी पाठ फिरवून आपला खेळ चालू. मी त्याला चार महिने हट्टी समजत होते, रागावले, बाजूला बसवलं. त्याच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. सर्दी वाढली की ऐकू येणं आणखी कमी व्हायचं. उपचार झाले आणि दोन आठवड्यांत मुलगा बदलला. त्याच्या आईची मी माफी मागितली, त्याची मागायला हवी होती ती राहूनच गेली. तेव्हापासून प्रत्येक पालकाला हे आधी सांगते. याशिवाय चार वर्षांच्या आसपास अनोळखी माणसाला त्याचं बहुतेक बोलणं समजत नसेल, हाकेला प्रतिसाद नसेल, इतर मुलांत अजिबात रस नसेल, किंवा आधी येत असलेलं काही येईनासं झालं असेल तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पेन्सिल न धरणं या यादीत नाही.

पुढचं नेमकं सांगायला मला तीन गोष्टी हव्यात. मागून हळू आवाजात हाक मारली तर तो वळतो का? दोन कामं एका दमात सांगितली तर दोन्ही करतो का? आणि भिंतीवरच्या मोठ्या कागदावर, छोट्या खडूने, काही न सुचवता त्याला माणूस काढू द्या. डोक्यालाच पाय फुटलेला माणूस आला तर या वयाला तो अगदी ठीक आहे; काय काढलं ते त्यालाच सांगू द्या आणि तो जे म्हणेल ते जसंच्या तसं लिहून कळवा.